बाळसं

गुब्बूला वॉर्डात घेऊन आली तेव्हा तिची आजी जरा रागातच होती.

"पोरगी बघा, कशी गोल आहे," ती म्हणाली. "लसीसाठी आणली होती, तर त्या बाईंनी हात धरून इकडं पाठवलं. इथं म्हणे वाळलेली मुलं ठेवतात. आमची काय वाळलेली आहे? हिला सगळे गुब्बू म्हणतात, ते काय उगाच?"

मोठ्या सिस्टरनी पोरीला खाटेवर बसवलं. गुब्बू सव्वादोन वर्षांची होती. गाल फुगलेले, पावलं टम्म. आठ खाटांच्या त्या वॉर्डात काड्यांसारखे हातपाय घेऊन पडलेल्या मुलांमध्ये ती खरोखर पाहुणी वाटत होती. पण सिस्टर वीस वर्षं हेच काम करत होत्या. त्यांनी पाहिलं की पोरीचे केस तांबूस झालेत आणि नुसता हात फिरवला तरी बोटांत येतात. नडगीवरची कातडी जुन्या रंगासारखी पोपडे धरून सुटत होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोरगी कशाकडेच बघत नव्हती. अनोळखी जागा, अनोळखी माणसं, बाजूच्या खाटेवर गळा काढून रडणारं पोर. ही मात्र भिंतीकडे तोंड करून गप्प बसलेली.

सिस्टरनी तिच्या पावलावर अंगठा दाबला आणि उचलला. कणकेत पडावा तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"आजी, हे अंग नाही. पाणी आहे," त्या म्हणाल्या. "ही काय खाते?"

आजीनं सांगितलं. पोरगी सव्वा वर्षाची असताना तिच्या आईला पुन्हा दिवस गेले. दूध तोडलं. तेव्हापासून पोरगी आजीजवळ. आजी तिला भाताची पेज द्यायची, साखरेच्या पाण्यात बिस्किट कुस्करून द्यायची. मधे दोन महिने जुलाब चालले होते, म्हणून डाळ बंद केली, अंडं तर नाहीच. शेंगदाणे घरात डबा भरून होते, पण शेंगदाण्यानं पित्त होतं.

"जड पडतं ना लेकराला," आजी म्हणाली. "मी हिच्या तोंडात कधी जड घातलं नाही. स्वतःच्या पोराला जपलं नसेल इतकं जपलं हिला."

हे अगदी खरं होतं, आणि तिथंच सिस्टरचे हात बांधले जायचे. हेळसांड करणाऱ्या माणसाला चार शब्द सुनावता येतात. जपणाऱ्याला काय सुनावणार?

अशा मुलांच्या घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगायची एक गोष्ट असते. सिस्टरनी ती शेकडो वेळा सांगितली होती, अगदी पाठ झाल्यासारखी: 'आता आठ दिवसांत ही बारीक होईल. अंगातलं पाणी उतरलं की हाडं दिसतील. घाबरू नका. ती बरी होण्याची खूण आहे. त्यानंतर खरं अंग भरेल.' ज्या दिवशी गुब्बू आली त्या दिवशी आणखी दोन मुलं भरती झाली होती. त्यातल्या एकाला सुई लागेना म्हणून डॉक्टरांनी हाक मारली, आणि सिस्टर वाक्य तोंडात ठेवून उठल्या. परत आल्या तेव्हा वाक्य राहून गेलं होतं. बाप पुलाच्या कामावर परगावी होता, वेल्डर होता. आई दोन महिन्यांचं बाळ घेऊन घरी. म्हणजे सांगायला होती फक्त आजी, आणि ती तर वॉर्डातच राहणार होती. सांगू सावकाश, असं सिस्टरना वाटलं. खरं तर तेवढंही वाटलं नाही. त्या विसरल्या.

उपचार म्हणजे फार काही जादू नव्हती. पहिले दिवस जपून काढायचे. इतक्या थकलेल्या शरीराला एकदम खायला घातलं तर ते पेलत नाही. म्हणून दूध, साखर, तेल आणि तांदळाचं पीठ शिजवून केलेलं पातळ खाणं, दर दोन तासांनी एक छोटा पेला. अंगावर पांघरूण, आणि डॉक्टरांनी लिहिलेली औषधं. सूज उतरून भूक लागली की मग खरं खाणं. दोन वाट्या धान्य, एक वाटी डाळ, एक वाटी शेंगदाणे, सगळं वेगवेगळं भाजून दळायचं. ते पीठ गूळ आणि तेल घालून शिजवायचं. शिवाय रोज एक अंडं. यातलं काहीच दुर्मीळ नव्हतं. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचं, बहुतेकांच्या घरात असायचंच.

हे सगळं रांधायच्या मावशी. वॉर्डाच्या टोकाला एक चिंचोळं स्वयंपाकघर होतं. एक शेगडी, एक कढई, आणि झाकण हातानं दाबून धरावं लागायचं असा मिक्सर. मावशींच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं.

"आजी, तुम्ही पेज पाजून पाजून पोरीचा माठ केलात," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या. "आता आम्ही माणूस करतो."

आजीला ते झोंबलं, पण दुसऱ्या दिवशी ती मावशींच्या शेजारी बसून डाळ भाजत होती. "करपू देऊ नका," "उलथणं चालू ठेवा," असं मावशी म्हणायच्या आणि आजी मान खाली घालून उलथणं फिरवायची. चाळीस वर्षं घर चालवलेल्या बाईला कोणी डाळ भाजायला शिकवत होतं, आणि ती शिकत होती.

गुब्बू पहिले तीन दिवस पेला ओठाला लावला तरी गिळायची नाही. आजी एकेक चमचा करून पाजायची. एक पेला संपायला पावणेदोन तास लागायचे, तोवर दुसऱ्याची वेळ व्हायची. सुई टोचली तरी पोरगी रडली नाही. "रड गं, एकदा तरी रड," असं मावशी तिच्या कानाशी म्हणायच्या.

चौथ्या दिवशी सूज उतरू लागली. आधी डोळ्यांखालची, मग गालांवरची. आजी पोरीचं मनगट दोन बोटांत धरून सिस्टरकडे आली.

"हिचं अंग कुठं गेलं?"

तेव्हा सिस्टरना आठवलं. त्यांनी आजीला बसवून सगळं नीट सांगितलं. आजीनं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि तरीही मनगट सोडलं नाही.

"मुलगा आला की त्याला आधी माझ्याकडं पाठवा," सिस्टर म्हणाल्या.

"बरं," आजी म्हणाली.

फोन करून बापाला सांगावं, असं सिस्टरच्या मनात आलं होतं. नंबर कागदावर होता. पण ज्या माणसाला कधी बघितलं नाही त्याला फोनवर 'तुमची मुलगी बारीक होतेय, पण काळजी करू नका' हे कसं सांगायचं? आल्यावर समोर बसवून सांगू, त्यांनी ठरवलं.

सहाव्या दिवशी सकाळी मावशी पेला रिकामा करून उठल्या, आणि गुब्बूनं त्यांच्या हातातला चमचा हिसकावून घेतला. मावशींनी मुद्दाम तो काढून घ्यायचा प्रयत्न केला. पोरगी लालबुंद झाली, तोंड वासलं, आणि इतकी मोठ्यानं किंचाळली की बाकीच्या सात खाटांवरच्या आया वळून बघायला लागल्या.

"रडली! सिस्टर, रडली बया!" मावशी तिथंच ओरडल्या. आजी हसताहसता रडायला लागली. त्या दुपारी गुब्बूला पहिल्यांदा शेंगदाण्याच्या पिठाची घट्ट खीर मिळाली. तिनं वाटी चाटून पुसून संपवली आणि रिकाम्या वाटीवर चमचा आपटत बसली. सातव्या दिवशी अर्धं अंडं खाल्लं. वजनाच्या तक्त्यावर मात्र रेघ खाली खाली जात होती. आली तेव्हा नऊ किलो शंभर होती, आता सात किलो सहाशे. सिस्टरना त्या रेघेचा आनंद होत होता. तक्ता खाटेच्या पायथ्याशी टांगलेला होता, कोणालाही दिसेल असा.

आठव्या दिवशी दुपारी बाप आला. पुलाच्या कामावरून थेट आला होता, हातावर ठिणग्यांचे डाग, पाठीला पिशवी. सिस्टर स्वयंपाकघरात एका आईला पिठाचं माप दाखवत होत्या. तो सरळ खाटेपाशी गेला. तीन आठवड्यांपूर्वी त्यानं गोल गालांची पोरगी सोडली होती. इथं पिंजऱ्यासारख्या बरगड्या आणि म्हातारीसारखं तोंड घेऊन एक पोर बसलं होतं. त्याला बघून ते हसलं. हसल्यावर आणखीच भयंकर दिसलं.

त्याचा आवाज ऐकून सिस्टर धावत आल्या.

"हे काय केलंत माझ्या मुलीचं?"

"दादा, बसा. मी सांगते. अंगात पाणी साठलं होतं, ते उतरलंय. आता–"

"पाणी? दीड किलो पाणी?" त्यानं तक्ता हिसकून हातात घेतला होता. "धडधाकट पोरगी आणून दिली तुमच्याकडं. आठ दिवसांत हाडं वर काढलीत. उपाशी ठेवलीत काय हिला?"

"उलट आता तिला भूक लागायला लागलीय. हीच तर बरी होण्याची–"

"मग आधी का नाही सांगितलंत, अशी होणार म्हणून?"

आधी सांगितलं असतं तर ते ज्ञान होतं. आता ती सबब झाली होती, आणि ते सिस्टरना स्वतःच्याच कानांनी ऐकू येत होतं.

"आई, तू तरी बोल," तो आजीकडे वळला. "तुला दिसत नव्हतं?"

आजीला सगळं माहीत होतं. किंचाळणं, चमचा, चाटलेली वाटी, पाण्याची गोष्ट. पण तिनं मुलाचा तो चेहरा पाहिला आणि तिच्या तोंडून ब्र निघाला नाही. ती पोरीचे कपडे गोळा करायला लागली.

डॉक्टरांनी समजावलं. मावशी तर वाटेत आडव्या उभ्या राहिल्या. "दादा, आणखी पंधरा दिवस. फक्त पंधरा दिवस द्या. मग तुम्हीच मला शिव्या द्या, नाहीतर मिठी मारा." तो थांबला नाही. "सही कुठं करू तेवढं सांगा," म्हणाला. त्यानं पोरीला स्वतःच्या शर्टात गुंडाळलं, ऊन लागू नये म्हणून डोक्यावर रुमाल टाकला आणि निघून गेला. सिस्टरनी पिठाची पिशवी आजीच्या हातात दिली. "दिवसातून पाच वेळा. आणि सलाईन लावू देऊ नका, काही झालं तरी," त्या म्हणाल्या. आजीनं पिशवी घेतली, पण तिचे डोळे पुढं गेलेल्या मुलाच्या पाठीवर होते.

तिसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर सिस्टर पत्ता शोधत त्यांच्या घरी गेल्या. गॅरेजच्या मागच्या बोळात दोन खोल्या, पत्र्याचा दरवाजा. दाराशीच शेजारची बाई उभी होती, ती कौतुकानं म्हणाली, "या या, बघा तरी! पुन्हा बाळसं धरलंय पोरीनं."

गुब्बू बापाच्या मांडीवर बसली होती. गाल भरलेले, पावलं टम्म.

बाप आज रागात नव्हता. जिंकलेल्या माणसाला राग धरायची गरज नसते. त्यानं सिस्टरना खुर्ची दिली. बायकोला पाणी आणायला सांगितलं. ती बाळाला खांद्यावर टाकून पाणी घेऊन आली. वीस-बावीस वर्षांची, डोळे झोपेनं जड झालेली.

"बघा सिस्टर," तो म्हणाला. "चौकातल्या डॉक्टरनं ताकदीच्या दोन बाटल्या चढवल्या. दोन दिवसांत फरक. तुमच्याकडं आठ दिवस होती."

"खाते का?"

"तेवढं खात नाही अजून."

"रडते? हट्ट करते?"

"नाही. शांत आहे."

सिस्टर खाली बसल्या. त्यांनी पोरीचं पाऊल हातात घेतलं, अंगठा दाबला, उचलला.

"दादा, याच्याकडं बघा. नुसतं बघत राहा."

सगळे त्या खड्ड्याकडे बघत राहिले. बाप, आई, दाराशी उभी शेजारीण, कोपऱ्यातली आजी. खड्डा बुजला नाही. बापानं स्वतःच्या दंडावर अंगठा दाबून पाहिला, उचलला. तिथं काहीच उरलं नाही. मग त्यानं पोरीच्या दुसऱ्या पावलावर स्वतः दाबून पाहिलं, अगदी हलक्या हातानं.

"हे सगळं बाटलीतलं पाणी आहे," सिस्टर म्हणाल्या. "तिच्या हृदयाला झेपणार नाही. आता माझ्यासोबत चला. माझी स्कूटर आहे, नाहीतर रिक्षा करू."

त्यानं दारातल्या शेजारणीकडे पाहिलं. मग म्हणाला, "उद्या. उद्या सकाळी मी स्वतः आणतो."

"आज का नको?"

"सिस्टर, मी उद्या आणतो म्हटलं ना."

त्याला काय सांगता येत नव्हतं ते सिस्टरना दिसत होतं. तीन दिवस तो बोळात सगळ्यांना पोरीचे गाल दाखवत फिरला होता. शेजारीण अजून दारातच होती. हे सगळं उलटं फिरवायला माणसाला एक रात्र तरी लागते. पोरीच्या आईनं एकदा सिस्टरकडे पाहिलं, एकदा सासूकडे. सासू जमिनीकडे बघत होती. सिस्टर पोरीला उचलून पळून जाऊ शकत नव्हत्या. "सकाळी लवकर," म्हणून त्या उठल्या. त्या संध्याकाळची तिसरी बाटली आधीच ठरलेली होती. ते त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

सकाळी नऊला बाप वॉर्डाच्या दारात आला. शब्द पाळला होता त्यानं, पण आदल्या संध्याकाळची बाटलीही चढली होती. गुब्बूचा श्वास इतका जोरात चालला होता की शर्टातूनही छाती उडताना दिसत होती. डॉक्टर आले, ऑक्सिजन लावला, पाणी उतरवायचं औषध दिलं. मावशी स्वयंपाकघरात कढई तापत ठेवून विसरल्या आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. बाप खाटेच्या कडेला गुडघ्यांवर बसून पोरीच्या पावलावर अंगठा दाबायचा, उचलायचा, बघायचा. पुन्हा दाबायचा. कोणी त्याला थांबवलं नाही.

साडेबाराला ती गेली.

त्यानंतर सिस्टरनी काम सोडलं नाही. सोडून काय करणार? पहिल्या दिवशी सांगायचं ते वाक्य त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून दारावर लावलं. तरी त्यांच्या लक्षात आलं की येणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाचता येत नाही. मग त्या प्रत्येकाला दारातच अडवून सांगायला लागल्या, बसायच्या आधी, पाणी विचारायच्या आधी. काही लोक घाबरून दारातूनच परत गेले. तेही व्हायला लागलं.

चारेक महिन्यांनी एक दिवस गुब्बूची आई आली, कडेवर धाकटं बाळ घेऊन. बाळ सहा महिन्यांचं झालं होतं, छान होतं, सगळ्यांकडे टकामका बघत होतं.

"याला आता वरचं सुरू करायचंय," ती म्हणाली. "ते पीठ कसं करायचं, दाखवा मला. भाजण्यापासून."

मावशींनी कढई चढवली. त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही. पीठ शिजेपर्यंत सिस्टर तिच्याजवळ बसल्या. चार महिने राहून गेलेलं त्यांनी शेवटी बोलून टाकलं.

"माझी चूक झाली. ती बारीक होईल हे पहिल्याच दिवशी सांगायचं असतं. मी विसरले. तुझ्या नवऱ्याला आधी सांगितलं असतं तर त्यानं तिला नेलं नसतं."

बाईनं बाळाच्या तोंडातली स्वतःची बांगडी काढली.

"हे म्हणतात, माझ्यामुळे गेली. मी उचलून नेली, मी बाटल्या लावल्या," ती म्हणाली. "सासूबाई म्हणतात, माझ्यामुळे. मी पेज पाजली, वर मुलासमोर तोंड उघडलं नाही. मला वाटतं, मी दूध तोडलं नसतं तर. आता तुम्ही." तिनं बाळ दुसऱ्या मांडीवर घेतलं. "सगळ्यांना वाटतं आपल्यामुळे. घरात कोणी कोणाशी बोलत नाही."

"मी येऊन सांगू त्याला? माझ्या तोंडून?"

"काय होईल त्यानं?"

मावशींनी वाटी पुढे ठेवली. बाईनं बोटानं खीर गार झाली का पाहिलं.

"सासूबाई आल्यात," ती म्हणाली. "बाहेर आहेत. आत येत नाहीत."

सिस्टर बाहेर गेल्या. फाटकाशेजारच्या बाकावर आजी बसली होती, चार महिन्यांत निम्मी झालेली. पदराचं टोक तिनं मुठीत धरलं होतं.

"आजी, आत चला. नातू पहिला घास घेतोय. तुमच्या हातानं भरवा."

"नको," आजी म्हणाली.

"अहो, तुम्हाला येतं सगळं. डाळ कशी भाजायची ते तुम्ही शिकला होतात की. तुमच्याइतकं सावकाश कोणी भरवत नाही."

"तो डोळ्यांसमोर राहायला हवा ना मला," आजी म्हणाली. "लांबून बघते मी. तिनं भरवू दे. मी त्याच्या खाण्याला हात लावणार नाही. पाणीसुद्धा देणार नाही. तो माझ्याकडं बघून हात पसरतो, तर मी उठून दुसऱ्या खोलीत जाते."

सिस्टर तिच्या शेजारी बसल्या. आतून बाळाचा आवाज आला, चमचा वाटीवर आपटल्याचा आणि आणखी मागणारा. आजीनं मान वळवली, ऐकलं, आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागली.

"खातोय वाटतं," ती म्हणाली.

"खातोय," सिस्टर म्हणाल्या.

मावशींनी दारातून हाक मारली, नवीन मूल आलं होतं. सिस्टर उठल्या. आजी तिथंच बसून राहिली.